येणं बुडवावं, देणं नव्हे



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 7 ते 9.

आज दिवाळीचा पाडवा. आज व्यापारी नव्या वहीची पूजा करतात, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितात आणि नवा हिशेब सुरू करतात. लहानपणी आमच्या घराशेजारच्या किराणा दुकानात मी ही पूजा बघायला जायचे. एकदा मी दुकानदार काकांना विचारलं होतं, “काका, वही नवी आली, मग लोकांची जुनी उधारी संपली का?” काका हसले आणि म्हणाले, “वही नवी असते गं, बाकी जुनीच. ती पुढच्या वहीत ओढायची असते.” तेव्हा काही कळलं नव्हतं. ते वाक्य पन्नास वर्षांनी आठवलं, आणि तेही लॅपटॉप साफ करताना!

त्याचं असं झालं. कोजागरी झाली आणि पुण्याहून मुलाचा फोन आला. “आई, 14 ऑक्टोबरनंतर विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स बंद होणार आहेत. तुझ्या लॅपटॉपवर विंडोज 11 चालतंय, मी मागे आलो तेव्हा तपासलंय. तू फक्त जागा कर. निदान 25 जीबी मोकळे हवेत.” मी बघितलं तर मोकळे होते चार.

लॅपटॉप सात वर्षांचा. निवृत्तीच्या वेळी घेतलेला. रोजचं हे चिंतन त्यावरच लिहिते. त्याची डिस्क 128 जीबीची, पण पडद्यावर आकडा दिसतो 119. मी मुलाला म्हटलं, “माझे नऊ जीबी कुणी खाल्ले रे?” तो म्हणाला, “कुणी नाही खाल्ले. विकणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असं मोजतो. विंडोज 1024 च्या पटीत मोजतं. डिस्क तीच, मापं दोन.” ही दोन मापांची गोष्ट लक्षात ठेवा मंडळी, पुढे लागणार आहे.

मग दोन दिवस साफसफाई चालली. दिवाळीच्या आधी घराचे माळे काढतो तशीच. सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि त्यात स्टोरेज उघडलं की कशाने किती जागा अडवली ते दिसतं. तात्पुरत्या फाइली गेल्या. रीसायकल बिनमध्ये वर्षभराचा कचरा होता, तो गेला. तुमच्यापैकी कुणाला हे करायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. तात्पुरत्या फाइलींच्या यादीत ‘डाउनलोड्स’ हेही नाव असतं. तिथे न बघता खूण केलीत तर पेन्शनची कागदपत्रंही कचऱ्याबरोबर जातील. आणि वनड्राइव्ह वापरत असाल तर लॅपटॉपवरून पुसलेली फाइल तिकडूनही जाते. नुसती जागा हवी असेल तर ‘फ्री अप स्पेस’ निवडावं, म्हणजे फाइल तिकडे राहते आणि इथली जागा सुटते. जागा मोकळी करणं वेगळं आणि पुसून टाकणं वेगळं.

सुप्रभाताचे व्हिडिओ, एकच फोटो चार-चार वेळा, कुणाकुणाच्या लग्नांचं चित्रीकरण, सगळं निघालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा 26 वर गेला. काम झालं होतं. मी उठणारच होते, तेवढ्यात एक फोल्डर दिसलं.

नाव होतं, ‘दादा – पुरावे’.

आईला जाऊन चार वर्षं झाली. तिच्या शेवटच्या आजारपणात ती कऱ्हाडला दादाकडे होती. आईच्या दोन पाटल्या होत्या. त्या माझ्या, असं ती मला नेहमी म्हणायची. ती गेल्यावर कळलं की दादाने त्या आधीच मोडल्या, दवाखान्याच्या बिलासाठी. मला विचारलं नाही. त्यावरून फोनवर भांडण झालं, मग निरोपांतून झालं, मग बोलणंच थांबलं. तेव्हाच्या माझ्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. फोन बदलताना ते सगळे कॉल, निरोपांचे फोटो, बिलांचे फोटो मी या फोल्डरमध्ये टाकले होते. कोर्टात जायचं माझ्या मनातही नव्हतं. मग पुरावे कुणापुढे मांडायचे होते? रात्री झोप लागत नाही तेव्हा स्वतःपुढेच, दुसरं काय!

फोल्डर होतं 640 एमबीचं. एक जीबीसुद्धा नाही. लॅपटॉपला ती जागा नको होती. पण माझा हात तिथून हलेना. सवयीप्रमाणे मी मुलाला विचारलं, काय सापडलं ते न सांगता. तो म्हणाला, “आई, नको असेल तर पुसून टाक, नाहीतर पेन ड्राइव्हवर टाक आणि कपाटात ठेव.” तरुण मुलं किती सोपं करून सांगतात. पण लॅपटॉपमधला राग कपाटात नेऊन ठेवला तर घर काही मोकळं होत नाही.

नियमाने त्या दिवसांत मी अठरावा अध्याय वाचत होते. त्यात भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. नियत कर्म, म्हणजे जे आपल्या वाट्याला आलेलंच आहे, ते मोहापायी टाकून देणं हा तामस त्याग. कष्ट होतील, दुःख होईल या भीतीने टाकणं हा राजस त्याग, आणि त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. आणि करायचं ते कर्तव्य म्हणून करून त्यातली आसक्ती आणि फळाची इच्छा तेवढी सोडणं हा सात्त्विक त्याग. मी हे तीन श्लोक आयुष्यात किती वेळा वाचले असतील! दर वेळी वाटायचं की हे यज्ञ, दान, तप करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे. त्या संध्याकाळी ते माझ्या उजव्या हाताच्या बोटापाशी येऊन थांबले.

बघा ना. फोल्डर न उघडता शिफ्ट आणि डिलीट दाबलं असतं, तर ते रीसायकल बिनमध्येही न जाता गेलं असतं. मी इथे लिहिलं असतं की मंडळी, आज मी चार वर्षांचा राग सोडला, आणि तुम्ही खाली हात जोडले असते. पण मी काय सोडलं हे मलाच माहीत नसतं. हा तामस त्याग. उघडलं असतं, एखादा निरोप वाचून जीव कासावीस झाला असता आणि ‘नको बाई ही कटकट’ म्हणून पुसलं असतं, तर तो राजस. दोन्हींत फोल्डर रिकामंच होतं. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही त्याग सारखेच दिसतात, कारण रिकामी जागा सगळीकडे सारखीच दिसते.

मला नाथमहाराजांची आठवण झाली. ज्ञानेश्वरी लिहून झाली शके 1212 मध्ये. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करता करता तिच्यात अशुद्ध पाठ शिरले. शके 1506 मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली. कशी केली? पोथ्या समोर घेऊन, पाठ ताडून, ओवी ओवी वाचून. अमुक पोथी जुनी झाली, फेका, असं म्हणून साफसफाई होत नसते. आधी वाचावं लागतं. मी कुठे आणि नाथमहाराज कुठे, पण रीत तीच असणार असं मनात आलं. चहा केला, कानात ते हेडफोन घातले आणि पहिल्या तारखेपासून ऐकायला बसले.

पहिलाच कॉल मला आठवत नव्हता. ऑगस्ट 2021. आई होती तेव्हा. दादा बिलाचा आकडा सांगतोय. आवाज थकलेला. मी म्हणतेय, “दादा, निम्मे माझे. बेचाळीस हजार पुढच्या महिन्यात पाठवते.” आणि तो म्हणतोय, “राहू दे गं, तुला जमेल तेव्हा दे.” मागून आईचा आवाज येतो, “कोण आहे रे, बाळी का?” मग फोन कट.

मी ते तीन वेळा ऐकलं. आईच्या आवाजासाठी ऐकतेय अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे बेचाळीस हजार हा आकडा माझ्याच तोंडून निघालेला होता आणि ते पैसे मी कधीही दिलेले नव्हते.

चार वर्षं मी हे विसरले होते का? अगदी खरं सांगायचं तर विसरले नव्हते. मी ते वळतं करून घेतलं होतं. पाटल्या माझ्या होत्या, त्या बिलात गेल्या, म्हणजे माझा वाटा त्यात फिटला, असा हिशेब मी मनातल्या मनात कधीतरी लावला आणि विषय संपवला. कदाचित हिशेब बरोबरही असेल. सोन्याचा भाव काढला तर उलट त्याच्याकडूनच काही निघेल. पण हा हिशेब मी दादाला कधी सांगितलाच नव्हता. माझी त्याच्यावर तक्रार काय? की त्याने मला न विचारता पाटल्या मोडल्या. आणि मी काय केलं? त्याला न विचारता शब्द मोडला. त्याचं ते पाप आणि माझी ती व्यवहारबुद्धी! डिस्क एकच आणि मापं दोन.

आता माझ्या लक्षात आलं की मी काय पुसायला निघाले होते. फोल्डरवर नाव होतं दादाचं, पण त्यातला पहिला पुरावा माझ्याविरुद्ध होता. न ऐकता पुसलं असतं तर रागाबरोबर माझं कर्जही गेलं असतं, आणि मी त्याला क्षमा म्हटलं असतं.

इथे तुकोबांची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या घरात सावकारी होती. दुष्काळाने घर मोडलं, मन संसारातून उठलं, तेव्हा त्यांनी लोकांकडून येणं असलेली खतं इंद्रायणीत बुडवायची ठरवली. पण सगळी नाही. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांना काढून दिला आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. ही कथा आपण कीर्तनात शंभरदा ऐकतो आणि ‘वैराग्य, वैराग्य’ म्हणून मान डोलावतो. मला यंदा तिच्यात दोन बारीक गोष्टी दिसल्या. एक म्हणजे त्यांनी भावाचा वाटा भावाला विचारल्याशिवाय पाण्यात टाकला नाही. दुसरी म्हणजे बुडवलं ते लोकांकडून यायचं होतं ते, म्हणजे येणं. आपल्या मराठीत ‘बुडवणं’ हा शब्द किती नेमका आहे! येणं बुडवतो तो संत, देणं बुडवतो तो लबाड. क्रियापद एकच. सोडून दिल्याचं समाधानही दोघांना सारखंच वाटत असेल. म्हणून मोकळं वाटलं एवढ्यावरून त्याग झाला असं समजू नये. आपण काय सोडलं, येणं की देणं, हे विचारावं.

त्याच इंद्रायणीत पुढे गाथा बुडवावी लागली आणि तेरा दिवसांनी ती वर आली, असं परंपरा सांगते. खतं मात्र वर आली नाहीत. ती वर यावीत म्हणून कुणी बसलंही नव्हतं. मला वाटतं, खऱ्या त्यागाची एवढीच खूण असावी की माणूस काठावर थांबत नाही.

आणि मी तर काठावर थांबणारी! तेही सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन बेचाळीस हजार दादाच्या खात्यात पाठवले. मग फोन केला. चार वर्षांनी. मनात काय होतं सांगू? की आता तो म्हणेल, ‘पाटल्यांचं मी तुला विचारायला हवं होतं.’ हे वाक्य मी त्याच्यासाठी मनात तयार करून ठेवलं होतं. ते त्याने म्हटलं असतं तर माझे बेचाळीस हजार वसूल झाले असते.

त्याने ते म्हटलं नाही. मी सांगितलं, “आईच्या वेळचे माझ्याकडचे पैसे पाठवलेत. उशीर झाला.” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बरं.” मग म्हणाला, “तब्येत कशी आहे?” आणि फोन वहिनीकडे दिला. वहिनी म्हणाल्या, “वन्सं, भाऊबीजेला या हो.” बस, एवढंच.

फोन ठेवल्यावर मी जरा हिरमुसले. मग तिसरा श्लोक आठवला आणि स्वतःचंच हसू आलं. कर्म केलं होतं. आसक्ती आणि फळ यांचं काय? पैसे पाठवून मी माफी विकत घ्यायला निघाले होते. देणं हे देणं असतं. त्याच्या बदल्यात काही मागितलं की तो सौदा होतो. दादाने पाटल्यांबद्दल कधी काही म्हणावं की नाही, हे माझं येणं. आणि येणं तर बुडवायचं ठरलं होतं ना!

काही वाचक विचारतील, “ताई, म्हणजे अन्याय झाला तरी पुरावे पुसून टाकायचे का?” नाही. जिथे अजून कुणाचं नुकसान होतंय, जिथे न्याय मागायचाय, तिथे कागद जपलाच पाहिजे. ज्या बाईला नांदवणं-पोटगीचा प्रश्न आहे, ज्या म्हाताऱ्याची जमीन कुणी बळकावली आहे, त्याला ‘सोडून द्या’ म्हणणं म्हणजे तामस त्याग दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. पुरावा कर्तव्यासाठी ठेवला असेल तर ते कर्तव्य होईपर्यंत ठेवावा. माझे पुरावे कसल्याच कर्तव्यासाठी नव्हते. ते राग ताजा राहावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्यासारखे ठेवले होते.

मग शनिवारी रात्री मी फोल्डर पुन्हा उघडलं आणि एकेक फाइल ऐकून, वाचून पुसली. रीसायकल बिनही रिकामं केलं. एक फाइल ठेवली, ती ऑगस्टची. तीत आईचा आवाज आहे आणि मी दिलेला शब्द आहे. फोल्डरचं नाव बदललं. आता त्याला नुसतं ‘आई’ म्हणते.

रविवारी, 12 तारखेला, मुलाला फोनवर धरून अपग्रेड केलं. तीनदा बंद होऊन चालू झालं, आणि नवं विंडोज आलं. त्यात एक गोष्ट कळली. अपग्रेड झाल्यावर जुनं विंडोज लगेच जात नाही. ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये दहा दिवस थांबतं. पटलं नाही तर या दहा दिवसांत मागे जाता येतं. नंतर ते आपोआप निघून जातं.

मला हे फार माणसासारखं वाटलं. या दहा दिवसांत मीही दोनदा मागे जाऊन आले. वसुबारसेच्या दिवशी एका लग्नाच्या फोटोत आईच्या हातातल्या त्या पाटल्या दिसल्या आणि सगळं पुन्हा उसळलं. फाइली नव्हत्या, पण त्यातला शब्द न् शब्द पाठ होता. डिस्कवरून पुसलं म्हणून मनावरून पुसलं जात नाही, तिथे रोज बसावं लागतं. फरक एवढाच पडला की आता माझ्या बाजूने काही देणं उरलेलं नाही. त्यामुळे रागाला उभं राहायला पूर्वीइतकी जागा मिळत नाही.

आज दहा दिवस पुरे झाले. दुकानदार काकांचं म्हणणं खरं होतं. वही नवी आली म्हणून बाकी संपत नाही. ती फेडावी लागते, नाहीतर पुढे ओढली जाते, या वहीतून त्या वहीत, आणि आपले शास्त्रकार तर म्हणतात या जन्मातून त्या जन्मात. लॅपटॉप बदलेल, फोन बदलेल, शरीरही बदलेल. रिकामी जागा भगवंत देतोच. तिच्यात आपण काय ओढून नेतो, ते आपल्याकडे.

आज घरोघरी फराळाची गडबड असेल, तरी संध्याकाळी पाच मिनिटं काढा. एक कागद घ्या आणि दोन रकाने आखा, येणं आणि देणं. पैशांचंच नव्हे, शब्दांचंही लिहा. येण्याचा रकाना आपोआप भरेल, त्याला कष्ट पडत नाहीत. देण्याचा रकाना भरायला जुनं काहीतरी उघडावं लागेल. ते उघडा. देणं फेडून या, आणि मग येण्याचा कागद खुशाल पाण्यात सोडा.

उद्या सकाळी सातच्या एस.टी.ने मी कऱ्हाडला निघते आहे. डब्यात करंज्या भरल्या आहेत, दादाला आवडतात. पाटल्यांचा विषय मी काढणार नाही. त्याने काढला तर ऐकेन. उद्याचं चिंतन त्यामुळे रात्री उशिरा येईल, सांभाळून घ्या.

सर्वांना पाडव्याच्या शुभेच्छा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥